खरेदीखतातलं एक वाक्य

कॅलिफोर्नियात जुनं घर विकत घेणाऱ्याच्या हातात कागदांचा जो गठ्ठा पडतो, त्यात एक मजकूर बाकीच्यांपेक्षा ठळक असतो. या दस्तात वंश, वर्ण, धर्म अशा कारणांवरून कुणावर बंधन घालणारी अट असेल, तर ती बेकायदा असून रद्दबातल समजावी, असं त्यात लिहिलेलं असतं. अक्षर किमान १४ पॉइंटाचं आणि ठसठशीत हवं, हेही राज्याच्या कायद्यानंच ठरवून दिलं आहे. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात घर घेतलेल्या किती तरी मराठी कुटुंबांच्या कपाटात हा कागद पडलेला असेल. सह्यांच्या घाईत तो पटकन उलटला जातो. पण मोठ्या अक्षरातली ही सूचना मागच्या पानांवरच्या बारीक अक्षरातल्या एका वाक्यासाठी आहे. ते वाक्य आलं कुठून, कुणी लिहिलं आणि दर वेळी कोर्टाचा फटका बसल्यावर त्यानं काय रूप घेतलं, हे मला मुळापासून पाहायचं होतं.

त्यासाठी बर्कलीतली क्लेअरमाँट ही वस्ती घेऊ. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीपलीकडे बर्कली. शहराच्या पूर्वेला टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याशी दक्षिणेकडे क्लेअरमाँट. वळणदार रस्ते, जुनी झाडं, रस्त्यापासून मागे सरकवून बांधलेली ऐसपैस घरं, आणि वर क्लेअरमाँट हॉटेलची पांढरी भव्य इमारत. मेसन-मॅक्डफी या कंपनीनं १९०५ मध्ये हे प्लॉट विकायला काढले. मुहूर्त अचूक साधला गेला. १९०३ मध्ये की सिस्टिमच्या विजेच्या गाड्या आणि फेरीबोटी सुरू झाल्यामुळे टेकडीखाली राहून सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी करणं सोयीचं झालं होतं. १९०६ च्या भूकंपानं आणि आगीनं सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त केलं आणि माणसं खाडी ओलांडून इकडे आली. १९०० मध्ये १३ हजारांच्या आसपास असलेली बर्कलीची वस्ती १९१० मध्ये ४० हजारांवर गेली.

क्लेअरमाँटच्या सुरुवातीच्या खरेदीखतांमध्ये अटींची यादी असे. घर किमान किती खर्चाचं असावं, रस्त्यापासून किती आत असावं, धंदा करू नये. आणि त्याच यादीत, त्याच सुरात, आणखी एक अट: १ जानेवारी १९३० च्या आत ही मालमत्ता किंवा तिचा कुठलाही भाग आफ्रिकी किंवा मंगोल वंशाच्या माणसाला विकत किंवा भाड्यानं घेऊ दिला, तर हा व्यवहारच रद्द होईल. ही अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला सगळ्यात जास्त खटकली ती तिची जागा. तिच्यात द्वेषाचा एकही शब्द नाही. अंगण किती फूट सोडायचं या वाक्याशेजारी ती बसली आहे, कुंपणाच्या उंचीइतकी सहज. वकिलानं शांतपणे बसून लिहिलेलं हे वाक्य आहे. त्याला मुदतसुद्धा घातलेली आहे, कारण मालमत्तेच्या विक्रीवर कायमचं बंधन कोर्ट मान्य करणार नाही, अशी भीती होती.

या हत्याराची वंशावळ शोधत गेलं तर ती लंडनच्या एका बागेत जाऊन पोचते. लेस्टर स्क्वेअरमधली मोकळी जागा टल्क नावाच्या मालकानं १८०८ मध्ये विकली, ती बाग म्हणूनच राखायची या अटीवर. जागा या हातातून त्या हातात जात मॉक्सहे याच्याकडे आली आणि त्याला तिथं बांधकाम करायचं होतं. १८४८ मध्ये कोर्टानं निकाल दिला की अट ठाऊक असताना ज्यानं जमीन घेतली, त्याला ती पाळावीच लागेल, मग मूळ करारावर त्याची सही असो वा नसो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढला की मालक बदलला तरी तो उतरत नाही, हे आपल्याला माहीत आहे. तसंच हे: अट माणसाशी नाही, जमिनीशी बांधली गेली आणि जमिनीबरोबर पुढच्या प्रत्येक मालकाकडे चालत राहिली. बाग वाचवण्यासाठी सापडलेली ही युक्ती अमेरिकेच्या जमीन-विक्रेत्यांनी उचलली. तिच्यात त्यांनी बागेच्या जागी शेजार घातला.

पश्चिम किनाऱ्यावर हा प्रयोग आधी चिनी लोकांवर झाला. कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा गावात दोन गोऱ्या मालकांच्या दस्तात अट होती की एकमेकांच्या संमतीविना जागा चिनी माणसाला भाड्यानं द्यायची नाही. त्यातल्या एकाकडून ती मोडली जाणार होती, तेव्हा दुसरा कोर्टात गेला. १८९२ मध्ये फेडरल न्यायाधीश अर्स्किन रॉस यांनी ही अट बजावून द्यायला साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: घटनेची १४ वी दुरुस्ती सरकारला जे कायद्यानं करू देत नाही, तेच दोन नागरिकांनी करारात लिहून कोर्टाकडून करून घ्यायचं, हे चालणार नाही. पूर्ण उत्तर तिथंच मिळालं होतं. त्यानंतर ५६ वर्षं देशातल्या कोर्टांनी ते बाजूला ठेवलं.

१९१५ च्या सप्टेंबरात पेशावरहून वैष्णोदास बगाई, त्यांची पत्नी कला आणि तीन मुलगे सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरले. गाठीशी पैसा होता. वैष्णोदास गदर चळवळीकडे ओढले गेलेले, इंग्रजी राज्यात जगायचं नाही म्हणून आलेले. काही काळानं त्यांनी बर्कलीत घर घेतलं. राहायला जायच्या दिवशी सगळं सामान घेऊन कुटुंब दाराशी पोचलं, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेलं. पैसे दिलेले, घर स्वतःचं, आणि आत जाता येईना. कला बगाईंनी ही आठवण उतारवयात सांगितली आहे. मुलांना इथं कुणी इजा केली तर, या विचारानं त्या नवऱ्याला म्हणाल्या की या शेजारात मला राहायचंच नाही. भाषा न येणारी, सामान रस्त्यावर आणि तीन पोरं पदराशी असलेली ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. कुटुंब परत फिरलं.

पण क्लेअरमाँटच्या दस्ताचं वाक्य पुन्हा पाहा. त्यात आफ्रिकी आहे, मंगोल आहे. भारतीय कुठेच नाही. वकिलांच्या यादीतून निसटलेल्यांसाठी शेजारी कुलूप घेऊन उभे होते, आणि लवकरच वकिलांनीही ती फट बुजवली.

तोवर पूर्वेकडच्या शहरांनी दुसरा मार्ग चोखाळला होता. बाल्टिमोरनं १९१० मध्ये कायदाच केला की बहुसंख्य गोऱ्यांच्या रस्त्यावर काळ्या माणसानं राहायला जायचं नाही, आणि उलटही नाही. दक्षिणेतल्या बऱ्याच शहरांनी त्याची नक्कल केली. लुईव्हिलच्या कायद्याचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि ५ नोव्हेंबर १९१७ रोजी तो कायदा रद्द झाला. सरकारनं वंशावरून वस्त्या वाटायच्या नाहीत, हे ठरलं. म्हणजे आता सगळा भार खासगी करारावर, खरेदीखतातल्या त्या वाक्यावर आला.

याच १९१७ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून परतलेले बाबासाहेब आंबेडकर बडोद्यात राहायला खोली शोधत होते, आणि पारशी विश्रामगृहात लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं होतं. तिथं कुठलाही दस्त लागला नाही. ज्या समाजात कोण कुठं राहणार हे जन्मानंच ठरलेलं असतं, तिथं कागदाची गरज पडत नाही. बर्कली मात्र दहा वर्षांत तिप्पट झालेलं गाव होतं. कालपरवा आलेली, एकमेकांना अनोळखी माणसं प्लॉट घेत होती. त्यांच्यात जुनी रूढी नव्हती, म्हणून रूढीचं काम करणारं वाक्य तयार करून विकावं लागलं. आणि ते चांगल्या भावानं विकलं गेलं. ‘निर्बंध असलेली वस्ती’ हे जाहिरातीत मिरवायचं वैशिष्ट्य होतं.

ते विकणाऱ्यांत पुढे होते मेसन-मॅक्डफीचे डंकन मॅक्डफी. हे नाव कॅलिफोर्नियात आदरानं घेतलं जातं. रेडवूडची हजारो वर्षांची झाडं वाचवणाऱ्या संघटनेचे ते आधारस्तंभ होते, राज्याची उद्यानं उभी करण्यात त्यांचा मोठा हात होता, सिएरा क्लबचे ते अध्यक्ष होते. त्यांनी वाचवलेल्या झाडांखाली लाखो माणसं आज चालतात. झाडांवरचं त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण जपणूक म्हणजे काही लोकांना दूर ठेवणं, हे समीकरण त्यांनी वस्तीला लावलं, आणि ते फार सज्जन, फार सुसंस्कृत हातांनी लावलं गेलं म्हणूनच टिकलं.

१९१६ मध्ये बर्कलीनं झोनिंगचा नियम केला. त्यात एल्मवुड या क्लेअरमाँटला लागून असलेल्या भागात फक्त एका कुटुंबाचं एक घर, एवढंच बांधायची मुभा ठेवली. देशातल्या अशा पहिल्या क्षेत्रांत त्याची गणना होते, आणि मॅक्डफी त्याचे आघाडीचे पुरस्कर्ते होते. नियमात वंशाचा उल्लेख नाही. पण तो तयार करणारे सल्लागार चार्ल्स चेनी यांनी त्याचे फायदे सांगताना जी उदाहरणं दिली, ती बोलकी आहेत. जुन्या निवासी भागातून दोन जपानी धोबीखाने, एक चिनी धोबीखाना आणि सहा घोड्यांचा एक तबेला हलवता आला, आणि मोक्याच्या कोपऱ्यावर काळ्या लोकांचं नृत्यगृह येणार होतं ते रोखता आलं. धोबीखाना, तबेला, नृत्यगृह: माणसांऐवजी त्यांच्या पोटापाण्याच्या जागा यादीत आल्या.

दस्तातलं वाक्यही बदलत होतं. १९१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टापुढे लॉस एंजेलिसच्या एका काळ्या घरमालकाचा, आल्फ्रेड गॅरी यांचा, खटला आला. कोर्टानं म्हटलं, गोऱ्याशिवाय कुणाला विकायचं नाही ही अट चालणार नाही, कारण मालकाचा विकण्याचा हक्क असा हिरावून घेता येत नाही. पण गोऱ्याशिवाय कुणी तिथं राहायचं नाही, ही अट चालेल! म्हणजे गॅरी यांनी घर विकत घ्यावं, कर भरावा, नाव लावावं, फक्त त्यात झोपू नये. वकिलांनी लगेच ‘विकणे’ काढून ‘राहणे’ घातलं. १९२६ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंही खासगी करारात हात घालायला नकार दिला, आणि मग हे वाक्य देशभर रोपासारखं लावलं गेलं.

दुसरा बदल आपल्याला जास्त जवळचा आहे. कुणाकुणाला नको याची यादी लांबत चालली होती आणि प्रत्येक यादीतून कुणी ना कुणी सुटत होतं. म्हणून वाक्य उलटं करण्यात आलं: ‘कॉकेशियन’ वंशाव्यतिरिक्त कुणीही इथं राहू नये. मग कॉकेशियन कोण? मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टानं पारशी म्हणून गोऱ्यांत मोजलं आणि नागरिकत्व राहू दिलं. पंजाबचे भगतसिंग थिंद अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी त्या काळच्या मानववंशशास्त्राच्या पुस्तकांचा आधार घेऊन सांगितलं की उत्तर हिंदुस्थानचा उच्चवर्णीय म्हणून मी कॉकेशियनच आहे. जातीचा दाखला पुढे करून गोरेपणाच्या पंगतीत पान मांडून मागण्याचा हा युक्तिवाद वाचताना मान खाली जाते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, आणि थिंद त्यात बसत नाहीत.

या निकालाची झळ बगाईंच्या घरात पोचली. १९२१ मध्ये मिळालेलं नागरिकत्व सरकारनं काढून घेतलं. नागरिक होण्यास अपात्र परदेशी माणसाला जमीनजुमला ठेवता येणार नाही, या कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली मालमत्ता विकावी लागली. हिंदुस्थानात जाण्यासाठी अमेरिकेचा पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये वैष्णोदासांनी आयुष्य संपवलं. जाताना त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रासाठी पत्र लिहून ठेवलं होतं.

अशा दस्तांमध्ये एक अपवाद सर्रास असे: मालकाकडे किंवा भाडेकरूकडे राहून काम करणारे घरगडी आणि मोलकरणी यांना ही अट लागू नाही. हेच अपवादाचं वाक्य पुढे घरकर्जाच्या सरकारी पुस्तिकेतल्या नमुन्यातही गेलं. काळी बाई त्या वस्तीत रात्र काढू शकत होती, मागच्या खोलीत, गोऱ्यांची पोरं सांभाळून झाल्यावर. सहवासाची, स्पर्शाची अडचण नव्हतीच. अडचण होती ती तिनं शेजारीण म्हणून दार उघडण्याची.

१९२४ मध्ये जमीन-दलालांच्या राष्ट्रीय संघटनेनं आपल्या आचारसंहितेतच लिहिलं की घरांच्या किमती उतरतील अशा वंशाच्या किंवा राष्ट्राच्या माणसांना वस्तीत आणण्यास सभासदानं कारण होऊ नये. १९३४ मध्ये घरकर्जाचा विमा उतरवणारी सरकारी संस्था निघाली आणि तिच्या पुस्तिकेनं वंशनिर्बंधाचे करार करावेत अशी शिफारस केली. हा बदल सगळ्यात मोठा. तोवर ते वाक्य एका बिल्डरचा माल होतं. आता ते कर्ज मिळण्याची पात्रता झालं. १९३७ मध्ये दुसऱ्या एका सरकारी महामंडळानं बर्कली-ओकलंडचा नकाशा रंगवला. टेकडीलगतचे भाग हिरवे-निळे आणि सपाटीवरचा ग्रोव्ह स्ट्रीटच्या पश्चिमेचा, काळ्या आणि आशियाई कुटुंबांचा भाग लाल. लाल भागात कर्ज मिळणं दुरापास्त. त्या ग्रोव्ह स्ट्रीटला आज मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आहे.

३ मे १९४८ रोजी सेंट लुईसच्या शेली कुटुंबाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की असा करार कोर्टानं बजावून द्यायचा नाही, कारण कोर्टाचा हात म्हणजे सरकारचाच हात. रॉस यांनी १८९२ मध्ये म्हटलेलंच हे होतं, आणि लेस्टर स्क्वेअरच्या निकालाला तेव्हा १०० वर्षं होत आली होती. नऊपैकी तीन न्यायाधीश या खटल्यात बसले नाहीत. कारण त्यांनी दिलं नाही, पण त्यांच्या स्वतःच्या घरांच्या दस्तांतही असंच वाक्य असावं, असं तेव्हापासून मानलं जातं.

वाक्य बजावता येईना, तरी लिहायला बंदी नव्हती. दलालाचं ‘ते घर विकलं गेलं’ हे उत्तरही पुरेसं होतं. बर्कलीच्या सॅक्रामेंटो स्ट्रीटवर औषधांचं दुकान चालवणारे बायरन रमफर्ड १९४८ मध्ये राज्याच्या विधानसभेत निवडून गेले. उत्तर कॅलिफोर्नियातून राज्याच्या पदावर निवडून आलेले ते पहिले काळे प्रतिनिधी. घर विकताना-भाड्यानं देताना भेदभाव करण्याविरुद्धचा कायदा त्यांनी १९६३ मध्ये मंजूर करून घेतला. त्याच वर्षी खुद्द बर्कलीत नगर परिषदेनं केलेला तसाच नियम मतदारांनी थोडक्या मतांनी फेटाळला. १९६४ मध्ये दलालांच्या संघटनेनं रमफर्ड कायद्याविरुद्ध राज्यभर मतदान घडवलं आणि सुमारे ६५ टक्के मतदारांनी कायदा गुंडाळायच्या बाजूनं कौल दिला. मनानं उदार समजल्या जाणाऱ्या राज्यात, गुप्त मतपेटीत. सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये तो कौल घटनाबाह्य ठरवला आणि १९६८ च्या केंद्रीय कायद्यानं दस्तातलं वाक्य निर्जीव झालं.

१९६८ मध्येच बर्कलीनं शाळा एकत्र करण्यासाठी टेकडीची मुलं सपाटीवर आणि सपाटीची टेकडीकडे बसनं न्यायला सुरुवात केली. त्यानंतर लवकरच बँक्रॉफ्ट वेवरून थाउजंड ओक्स शाळेत जाणाऱ्या बसमध्ये श्यामला गोपालन यांची मुलगी कमला हॅरिस होती. शाळेत पोचण्याचा रस्ता असा निघाला. टेकडीकडच्या वस्तीत घर घेण्याचा रस्ता मात्र किमतीनं बंद केला, आणि ती किंमत १९१६ च्या एका-प्लॉटवर-एक-घर या नियमानं जपली. १९७३ मध्ये बर्कलीनं जुन्या वस्त्या राखण्याच्या नावाखाली नव्या इमारतींवर आणखी कडक बंधनं घातली. बिल्डरांच्या अंदाधुंद पाडापाडीला लोक वैतागले होते, हेही खरं. फेब्रुवारी २०२१ मध्ये नगर परिषदेनं फक्त एका कुटुंबाच्या घरांचे विभाग संपवण्याचा ठराव केला, आणि त्यात या नियमाचं वंशभेदी मूळ कबूल केलं.

कॅलिफोर्नियाच्या २०२१ च्या कायद्यामुळे आता प्रत्येक काउंटीच्या नोंदणी कार्यालयाला जुने दस्त चाळून अशी वाक्यं शोधावी लागतात. सापडलेल्या वाक्यावर काळी पट्टी मारलेली प्रत चालू नोंदींत जाते आणि मूळ कागद इतिहासासाठी वेगळा जपला जातो. मला हे दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. पट्टीखाली काय होतं हे दाखवता आलं नाही, तर टेकडीवरच्या घरांची किंमत नुसत्या हवेनं आणि देखाव्यानं वाढली, असं पुढच्या पिढीला वाटेल.

बर्कलीच्या मध्यभागी शॅटक अव्हेन्यूच्या दोन चौकांमधल्या छोट्या तुकड्याला आता ‘कला बगाई वे’ म्हणतात. कला बगाई नंतर दक्षिण कॅलिफोर्नियात राहिल्या आणि १९४६ मध्ये कायदा बदलल्यावर अमेरिकेच्या नागरिक झाल्या. त्या १९८३ मध्ये वारल्या. नव्यानं आलेल्या भारतीयांना त्या घरी बोलवत आणि जेवू घालत.